तिसरा भाग खोर फक्कानला होता

पुस्तक फाडायचं म्हणजे आधी त्याचा कणा मोडायचा. दोन्ही पुठ्ठे उलटे मागे दाबायचे, कडकन आवाज येतो. मग पाठीवरची वाळलेली खळ सुरीने खरवडायची, दोरा कापायचा, की फर्मे, म्हणजे एकत्र शिवलेल्या पानांचे जुडगे, सुटे होतात. माझे वडील सांगलीला पुस्तकबांधणी करायचे, त्यामुळे हे सगळं मला लहानपणापासून येतं. त्यांनी जन्मभर पुस्तकं शिवली आणि लेक शारजात बसून फाडत होती. त्यांना कळलं असतं तर दाभण घेऊन मागे लागले असते.

पण करणार काय? दोन हजार सालाच्या पुढेमागे तिकडे मराठी पुस्तक मिळायचं नाही. कुणी सुट्टीवरून परत आलं की लोणच्याच्या बरण्या आणि पापडांच्या पुडक्यांमध्ये एखादी कादंबरी यायची. आणि आमचा वाचणाऱ्यांचा ईमेलचा गट मोठा. तो काढला होता अजमानच्या एका इंजिनिअरने. त्याला सगळे अजमानकर म्हणायचे, मीही तेच म्हणते. एकच प्रत सगळ्यांनी वाचून होईपर्यंत वर्ष सरायचं, तोवर चर्चेचा चोथा झालेला असायचा. शेवटी मीच सुचवलं, चार तुकडे करू या. एका वेळी चौघं वाचतील, मग भाग बदलतील, सगळ्यांचं झालं की मी परत शिवून देईन.

नियम दोनच होते. ज्याच्याकडे जो भाग, त्याने त्यावरच लिहायचं. पुढचं ठाऊक असलं तरी तोंडाला कुलूप. फाडणारी मी, म्हणून फाडण्याआधी पूर्ण पुस्तक वाचायचा मान माझा. कोण कशावर बोलतंय आणि कुठे फसतंय हे मला बसल्या जागी कळायचं. खोटं कशाला बोलू, मला त्याची मोठी मजा वाटायची.

भांडणं मात्र अशी व्हायची की विचारू नका. आम्ही मराठी लिहायचो इंग्रजी अक्षरांत, आणि त्या अक्षरांत शिवी फार उघडी दिसते. ज्याच्याकडे पहिला भाग तो नायकाच्या प्रेमात, ज्याच्याकडे शेवटचा तो त्याच नायकाला फासावर द्यायला निघालेला. एकमेकांची अक्कल काढायची, आईबाप काढायचे, 'ये दुबईला, दाखवतो' इथपर्यंत जायचं. इंटरनेट लावलं की घरचा फोन बंद. आमचे हे ऑफिसातून फोन करून थकायचे आणि घरी येऊन विचारायचे, "आज कुणाचा मुडदा पाडलास?"

त्या उन्हाळ्यात जी कादंबरी फाडली तिचं नाव सांगत नाही. एका तालुक्याच्या गावातला मास्तर आणि त्याची बायको, एवढीच गोष्ट, आणि काळ आमच्या आजोबांचा. पहिल्या भागात मास्तर इतका लोभस की कुणालाही आवडावा. बायकोला ओव्या वाचून दाखवतो, परगावी गेला की बांगड्या आणतो. दुसऱ्यात तो जरा घुमा होतो. तिसऱ्यात नणंदेचं लग्न आहे. रुखवत, पंगती, रुसवेफुगवे, बाकी काही नाही. चौथ्या भागात तो संशयापायी बायकोचं डोकं वरवंट्याने फोडतो. पहिला भाग अजमानकरांनी घेतला, दुसरा मी ठेवला, चौथा दुबईच्या एका बँकवाल्याकडे गेला. तिसरा गेला खोर फक्कानला, डोंगरापलीकडच्या बंदराच्या गावी.

खोर फक्कानची ही बाई गटात नवी होती. नवरा बंदरात कामाला, मूलबाळ नाही. नवरा ड्युटीवर गेला की ती नेटवर यायची, दोनच ओळी लिहायची, आणि त्या दोन ओळी इतरांच्या दोन पानांना भारी असायच्या. मी तिला पाहिलं नव्हतं. तिचा भाग कुणी तिकडे जाणारा सापडला की त्याच्या हाती पाठवायचा आणि तो तिच्या बिल्डिंगखालच्या किराणावाल्याकडे ठेवायचा, असं तिनेच सांगितलं होतं. घरी आणून देऊ नका, म्हणाली होती.

चौथा भाग वाचून बँकवाला पिसाळला. नियमामुळे सांगता येईना, म्हणून नुसतं लिहीत सुटला की हा मास्तर राक्षस आहे. अजमानकरांच्या हातात पहिला भाग, म्हणजे बांगड्या आणणारा मास्तर. त्यांनी ठोकून दिलं, "बाईने जीभ आवरली की कुठलाही पुरुष हात उचलत नाही. टाळी एका हाताने वाजत नाही." वर चारपाच जणांची वाहवा. माझं डोकं सणकलं. मी असं काही लिहिलं की आज वाचायला लाज वाटेल, पण मागे घ्यायचं नाही.

त्या धुमश्चक्रीत खोर फक्कानवालीचं उत्तर आलं. एरवी दोन ओळी लिहिणारी, आज पानभर. मास्तर कसा मारतो ते तिने लिहिलं होतं. ओरडत नाही, शिवी देत नाही. आधी घड्याळ काढतो आणि टीव्हीवर ठेवतो, काच फुटू नये म्हणून. मग एसीचा खटका फिरवून मोठा करतो, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून. मग तोंड सोडून मारतो, कारण दुसऱ्या दिवशी तिला खाली दूध आणायला जायचं असतं. ती जीभ आवरूनच असते. ती कितीतरी महिने बोललेलीच नसते.

खाली अजमानकरांचा प्रश्न होता, "वर्णन उत्तम. कितव्या पानावर आहे हे?" दुसऱ्या कुणी लिहिलं होतं, पुढचं फोडू नका, नियम पाळा.

मी ते उत्तर पुन्हा वरपासून वाचलं. तिच्याकडच्या भागात नणंदेचं लग्न होतं. त्या अख्ख्या पुस्तकात टीव्ही नव्हता, एसी कुठून येणार? बाकीच्यांना वाटलं, आपल्याकडे नसलेल्या भागात काळ पुढे सरकला असेल, तिथे असेल. प्रत्येकाला तसंच वाटलं. पूर्ण पुस्तक वाचलेली एकटी मी होते, आणि ते कुठल्याच पानावर नाही हे मला एकटीला माहीत होतं.

मी तिला वेगळं ईमेल टाकलं. "हे तुझं आहे का?" उत्तर नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. उठता बसता ते टीव्हीवरचं घड्याळ दिसायचं. मला भीती वाटत होती की ही पोरगी मरणार, आणि आम्ही तिकडे मास्तर चांगला की वाईट यावर भांडत राहणार.

शुक्रवारी मी ह्यांना म्हटलं, खोर फक्कानला चला, पुस्तकाचा भाग आणायचा आहे. हे म्हणाले, एवढ्या उन्हात, डोंगर ओलांडून, पुस्तकाच्या तुकड्यासाठी? मी म्हटलं, तुम्ही येत नसाल तर मी टॅक्सीने जाते. माझा आवाज ऐकून त्यांनी गाडीची किल्ली घेतली. खरं कारण मी सांगितलं नाही. हे पडले हिशेबनीस. पुरावा मागितला असता, आणि माझ्याकडे होतं काय, तर पुस्तकात नसलेलं एक पान.

जुम्म्याची नमाज सुटल्यावर आम्ही पोचलो. खालच्या किराणावाल्याने मजला सांगितला आणि मान खाली घालून परत गोण्या लावायला लागला. दार नवऱ्याने उघडलं. नीटनेटका, हसरा, इस्त्रीचा शर्ट घातलेला माणूस. "या या ताई, या साहेब, आपली माणसं येतात कुठे इकडे." सरबत झालं, चहा झाला. ह्यांच्याशी त्याने नवीन रस्त्याच्या गप्पा सुरू केल्या. मला तो आवडलाच असता. पहिल्या भागातल्या मास्तरासारखा होता.

ती बाहेर आली. त्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा कुर्ता. चेहरा स्वच्छ, चालताना मात्र एक बाजू धरून चालत होती. तिसरा भाग तिने वर्तमानपत्रात गुंडाळून आणला होता, पानाला सुरकुतीही नव्हती. माझ्या हातात देताना तिची बाही मागे सरली. मनगटापासून वर सगळं काळंनिळं होतं.

मी म्हटलं, "चल गं, आठ दिवस माझ्याकडे राहायला."

तो हसला. "तिला कुठे सवड, ताई."

"मी तिला विचारलं."

ती फरशीकडे बघत म्हणाली, "मी जाते."

तो हसतच उठला, मनगटावरचं घड्याळ सोडवलं आणि टीव्हीवर ठेवलं. मग खिडकीशी गेला आणि एसीचा खटका फिरवला. एसी घरघरायला लागला. आमचे हे चहा पीत म्हणाले, "हां, बरं झालं, उकडतच होतं."

इस्त्री टेबलावर होती, जुनी, जड. तो तिच्याकडे वळला आणि त्याने तिच्या बरगड्यांत बुक्की मारली. बाहेरची माणसं बसली आहेत याचाही त्याला विधिनिषेध नव्हता. ती ओरडली नाही, नुसती दुमडली. त्याने पुन्हा हात उचलला तेव्हा मी इस्त्री दोन्ही हातांनी धरून त्याच्या कोपरावर हाणली. हाड मोडल्याचा आवाज पुस्तकाचा कणा मोडल्यासारखाच असतो, तो मी बरोबर ओळखला. मला बरं वाटलं. हे लिहू नये असं वाटतं, पण फार बरं वाटलं.

मग त्याने दुसऱ्या हाताने माझे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. कानातून गरम काही वाहिलं. आमच्या ह्यांनी आयुष्यात झुरळसुद्धा मारलेलं नाही, चपलेने बाहेर ढकलतात. असा माणूस कप टाकून तिच्या नवऱ्याच्या पाठीवर चढला आणि त्याच्या खांद्याचा कडकडून चावा घेतला. टीपॉय उलटला, कपबशा फुटल्या, तिघंही काचांवर पडलो. एसीच्या घरघरीत ते सगळं खरंच बाहेर गेलं नसतं, पण ती उठली होती. तिने जाऊन एसी बंद केला आणि दार सताड उघडलं.

शेजारचा पठाण धावत आला. त्याने दोघांना मांजरांसारखं अलग केलं आणि दारात उभा राहिला. "खलास. अब हाथ उठाया तो पुलिस बुलाएगा." पोलीस म्हटल्यावर नवऱ्याचा चेहरा उतरला. केस झाली की नोकरी गेली, व्हिसा गेला, हे तिथे सगळ्यांनाच माहीत. तो मोडलेला हात पोटाशी धरून सोफ्यावर बसला आणि पुन्हा ताई म्हणायला लागला. "ताई, घरातली गोष्ट घरात राहू दे." मी त्याच्या तोंडावर थुंकले.

तोवर तिने खुंटीवरच्या त्याच्या पँटमधून किल्ली काढली होती, कपाट उघडून स्वतःचा पासपोर्ट घेतला होता आणि चपला घालून दारात उभी होती. पिशवी नाही, कपडे नाहीत. पासपोर्ट आणि काचांतून उचललेला तिसरा भाग.

गाडी डोंगर चढून मसाफी गावाशी आली. माझ्या कानाला ह्यांचा रुमाल, ह्यांच्या दाताला रक्त. मग ती मागून म्हणाली, "एसी बंद कराल का?" आम्ही एसी बंद केला, काचा खाली केल्या आणि भट्टीसारख्या वाऱ्यात शारजापर्यंत आलो. ह्यांनी एकदाही कुरकुर केली नाही. त्या दिवसापासून हा माणूस मला नव्याने आवडायला लागला.

दवाखान्यात फोटो काढला, बरगडीला चीर निघाली. पोलिसांत जायचं नाही, म्हणाली, मला फक्त घरी जायचंय. गटात मी सविस्तर काही लिहिलं नाही. एवढंच लिहिलं, "ते वर्णन पुस्तकातलं नव्हतं. ती माझ्याकडे आहे, घरी जायचं म्हणते." संध्याकाळी बेल वाजली. दारात अजमानकर, हातात पहिला भाग आणि विमानाचं तिकीट. हा एवढा धिप्पाड गडी, कीबोर्डवर सिंह, माझ्या दारात हुंदके देत उभा. मी त्यांना आत बोलावलं नाही. माझा राग तेवढ्याने जाणारा नव्हता. तिने मात्र उठून पाणी दिलं.

पहिला भाग तिने आमच्या गॅलरीत बसून वाचला. वाचून झाल्यावर म्हणाली, "किती गोड आहे हो हा सुरुवातीला. आमचाही होता." मी कांदा चिरत राहिले.

विमानतळावर तिला सोडायला मी आणि हे गेलो. चौथा भाग बँकवाल्याने आदल्या दिवशी पोचता केला होता, तो माझ्या पर्समध्ये होता. द्यावा की नाही हे मला ठरवता येत नव्हतं. आत जायच्या दाराशी तिनेच विचारलं, "ताई, शेवटी तिचं काय होतं?"

पुढचं सांगायचं नाही, हा आमचा नियम. मी म्हटलं, "मारून टाकतो तो तिला. वरवंट्याने."

तिने मान हलवली. लग्नाच्या घरातून आलेल्या बाईला कुणी पंगतीचं विचारावं आणि तिने सांगावं, अशा साध्या आवाजात म्हणाली, "मग बरं झालं, मी तिसऱ्या भागातच उठले."

आणि ट्रॉलीवर काहीच सामान नव्हतं तरी ती ढकलत आत गेली.