कामावरून काढलेल्यांचा सत्कार

रंगनाथमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी गवार मोडत बसले होते. त्यांची मुलगी वर्षा एवढंच म्हणाली, "काकू, आबा गेले..." आणि मला आधी आला तो राग. रडू नंतर आलं. राग अशासाठी, की हा माणूस इतकी वर्षं एका गोष्टीची वाट बघत होता आणि ती न होताच गेला. महिना उलटून गेला तरी राग उतरत नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे.

मामा माझे सख्खे मामा नव्हेत. मुकुंदवाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं घर, आणि अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची. वाळूजला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या ज्या कंपनीत आमचे मिस्टर प्रकाश होते, तिथंच मामाही. दोघं एकाच बसनं जायचे. मामा अंगानं किरकोळ, पण आवाज असा की निघालेली बस हाकेसरशी थांबायची. आणि तक्रार करण्यात तर त्यांचा हात कुणी धरला नसता. कँटीनच्या डाळीपासून नळाला न येणाऱ्या पाण्यापर्यंत सगळ्या जगाशी त्यांचं भांडण. मामी म्हणायच्या, "ह्यांना स्वर्गात नेलं तरी म्हणतील, अमृत पातळ हाय!"

त्यांचे वडील एका जिनिंगमध्ये कामाला होते, कापसाच्या गाठी बांधायचे. कुठंतरी कापसाचा भाव पडला, आणि एका सकाळी वडील डबा घेऊन गेले तर फाटकाला कुलूप. ना निरोप, ना चिठ्ठी. पुढं त्यांनी मोंढ्यात हमाली केली, घर चालवलं, पण मरेपर्यंत एकच म्हणत राहिले, "जा म्हणायला बी कोणी आलं नाय. शेतावरचा गडी काढला तरी मालक तोंडानं सांगतो की." गावातले लोक वर विचारणार, काय रे, तुझ्यातच काय खोट निघाली? भाव पाडला कुणी, कुलूप लावलं कुणी, आणि मान खाली घालून फिरले ते वडील. हे सांगताना मामांच्या कपाळाची शीर उठायची.

मी साठीला आले. एवढ्या वर्षांत संकटांची नावं तरी किती ऐकली! अमेरिकेत बँका बुडाल्या, वाळूजची एक शिफ्ट बंद. नोटा रद्द झाल्या, ठेकेदारानं माणसं घरी पाठवली. मग गाड्या खपेनात, मग लॉकडाऊन, आता म्हणे परदेशात आपल्या मालावर जकात वाढलीय. कारण दर वेळी नवं, घरी बसणारा माणूस तोच. "तेजी आली की साहेबाची हुशारी, अन् मंदी आली की देवाची करणी," मामा म्हणायचे. ह्यात काय खोटं आहे, सांगा की. तेजीत ओव्हरटाइम करकरून आमच्या मिस्टरांच्या कमरेचं वाटोळं झालं, आणि त्याच तेजीत साहेबांनी बंगल्यावर मजला चढवला. मंदी आल्यावर तो मजला कुणी उतरवल्याचं मी तरी पाहिलं नाही.

त्या अमेरिकेतल्या बँकांच्या वेळी मिस्टरांची नोकरी गेली. फाटकाजवळच्या फलकावर कागद लागला, त्यावर नावंसुद्धा नाहीत, नुसते बिल्ल्यांचे नंबर. हे घरी आले ते भिंतीकडं तोंड करून जे झोपले, ते उठेचनात. "कुणी विचारलं तर रजेवर आहे म्हण," एवढं बोलले. दूध आणायलाही बाहेर पडेनात. दाढी वाढली. मी शाळेत शिकवायला जायचे, पण वर्गात फळ्याकडं वळलं की काय लिहायचं तेच विसरायचे... घरी काय चाललं असेल? एक दिवस घरातलं उंदराचं औषध गुपचूप शेजारणीकडं ठेवून आले. कशासाठी, ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.

आणि त्या रविवारी संध्याकाळी दारात रंगनाथमामा! इस्त्रीचा पांढरा शर्ट, हातात शाल, बगलेत नारळ, मागं गल्लीतली आठ-दहा माणसं आणि मंडळाच्या प्लास्टिकच्या खुर्च्या. म्हणाले, "ताई, प्रकाशरावांचा सत्कार करायचाय." माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मामा, कंपनीनं नारळ दिला तेवढा पुरे नाही का, आता तुम्हीही आलात? आमच्या घरावर वरवंटा फिरलाय, आणि तुम्हाला तमाशा सुचतोय? लाज वाटत नाही?" मी अशी ओरडले की समोरच्या गच्चीवरची माणसं वाकून बघायला लागली. आजही मला त्याचं काही वाटत नाही. माझ्या जागी कुणीही बाई तेच बोलली असती.

मामा शांतपणे पायरीवर बसले. "लाज? तिच्याचपायी आलोय," म्हणाले. "ती तुमच्या घरात शिरलीय, ताई. तिचं इथं काय काम? तिनं साहेबाच्या केबिनमधी बसायला पायजेल." मग उभे राहिले आणि बस थांबवणाऱ्या त्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायला लागले. "प्रकाश भानुदास गायके. मूळ गाव फुलंब्रीजवळ. लेथवर असं काम की तपासणाऱ्यानं तपासायचं सोडून दिलं. नवी पोरं लई झाली ह्यांच्या हाताखाली तयार. ह्यांना कंपनीनं कामावरून कमी केलंय. ह्यांचा त्यात काडीचा दोष नाय." दोष नाही, हे वाक्य मोठ्यानं कुणी म्हणतंय, हे आम्ही दोघं तेव्हा पहिल्यांदा ऐकत होतो. मी तरी घरात ते कुठं म्हटलं होतं? मनातून वाटतच होतं की, नेमकं ह्यांनाच का काढलं? आतून खाटेची कुरकुर ऐकू आली. हे बनियनवरच बाहेर आले, शर्टाची बाही सापडेना, तसेच उभे राहिले. मामांनी शाल घातली आणि हे एवढे मोठे गृहस्थ गल्लीसमोर ढसाढसा रडले... मी आत जाऊन पोहे टाकले. दुसऱ्या दिवशी दूध ह्यांनी आणलं.

शाल मात्र एकच होती हं! सत्कार झाला, पोहे खाल्ले, की मामा हात पुढं करायचे, "नारळ ठेवा, शाल द्या. पुढच्याला लागंल." किती जणांच्या खांद्यावरून ती फिरली, देव जाणे. मामांना त्याचा कंटाळा नव्हता. कुणी म्हणालं, "मामा, ह्यानं का नोकरी परत मिळती?" तर उसळायचे, "नाय मिळत. पण माणूस तर परत मिळतो ना?" लॉकडाऊनमध्ये जमायची बंदी, तर तोंडाला पंचा बांधून एकटेच जायचे आणि त्या-त्या घराच्या दाराबाहेरून नाव पुकारायचे. पोलिसाचा एक दांडकाही खाल्ला. त्याचीही तक्रार पुढं वर्षभर चालली.

त्याच दिवसांत मामांनाही काढलं. फोनवर दोन ओळींचा मेसेज, उद्यापासून येऊ नये. आम्ही सगळे ती शाल घेऊन गेलो, तर गड्यानं खांद्याला हात लावू दिला नाही. "मी नाय घेणार," म्हणाले. "कंपनीनं करायचं ते कंपनी करत नाय, म्हणून मी करत होतो. माझ्या बापाला कुणी तोंडावर सांगितलं नाय. मला तरी त्यांनी सांगावं. त्यांच्यातला एक जण येऊ द्या, माझं नाव घेऊन सांगू द्या, मग घेतो." आम्हाला वाटलं, हट्ट आहे, जाईल. गेला नाही. शेवटचं भेटले तेव्हा मूत्रपिंडाच्या दुखण्यानं पार वाळले होते, तरी विचारलं, "आलं होतं का ताई कोणी, माझी चौकशी करीत?" मी म्हटलं, येतील. मामा हसले. "व्हय, येतील. मेल्यावर," म्हणाले.

आणि झालं तसंच! तेराव्यानंतर मारुतीच्या देवळामागच्या सभागृहात शोकसभा ठेवली होती. तिथं साहेब आले. मामांच्या आणि आमच्या मिस्टरांच्या काढण्याच्या कागदावर ज्यांची सही होती, तेच. आता निवृत्त आहेत, सभांना बोलावतात त्यांना. येताना भारीतली नवी शाल आणली होती. फोटोला ती पांघरली आणि बोलायला लागले. म्हणाले, मंदी ही निसर्गासारखी असते, तिच्यापुढं कुणाचा इलाज नाही, पण रंगनाथ कसा, परिस्थितीशी जुळवून घेणारा, कधी तक्रार न करणारा... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. रंगनाथमामा, आणि तक्रार न करणारे? अहो, तुमच्याविरुद्धची तक्रार हाच तर त्या माणसाचा उद्योग होता! मी उठणार, तेवढ्यात मामीच उठल्या. आयुष्यात चार माणसांपुढं न बोललेली बाई. फोटोवरची शाल काढली, घडी घातली आणि साहेबांच्या हातात दिली. "साहेब, ही आता ह्यांना नको. समोर बसलेत त्यांना घाला. तुम्हीच काढलेली माणसं हायेत सगळी."

साहेब गडबडले. पहिल्याच रांगेत आमचे मिस्टर होते. साहेबांनी शाल उलगडून पुढं केली. हे उभे राहिले, पण खांदा दिला नाही. जन्मात भाजीवाल्याशी घासाघीस न केलेला हा माणूस म्हणाला, "घेतो, साहेब. आधी माझं नाव सांगा."

साहेबांनी ह्यांच्याकडं पाहिलं, मग मागच्या रांगांकडं. "चेहरा अगदी ओळखीचा आहे..." म्हणाले आणि थांबले.  

मामींनी एक खुर्ची ओढून साहेबांच्या मागं ठेवली. "बसा साहेब," म्हणाल्या. "एकेकाला नाव विचारून घ्या. आम्हाला कुणालाच कामावर जायची घाई नाय."