बिननंबराचं विमान

आमचं बिऱ्हाड सांगलीत आणि सासर सातारच्या बाजूला. आज यात कुणाला काही वावगं दिसणार नाही. तेव्हा मात्र मध्ये हद्द होती. अलीकडे संस्थान, पलीकडे इंग्रजांचा खालसा मुलूख. गाड्या, सायकली, लग्नाची वऱ्हाडं रोज ये-जा करत, कुणी हटकत नसे. अडलं ते आमचं विमान.

होय, विमानच. ह्यांनी ते एका गुऱ्हाळाच्या छपरात स्वतःच्या हातांनी बांधलं होतं. लढाईत हे विमानांचे फिटर होते. एका साहेबाची मर्जी बसली म्हणून उडवायलाही शिकले. परत आल्यावर दिवसभर लोकांच्या मळ्यातली पाण्याची इंजिनं दुरुस्त करायचे आणि मग छपरात जायचे. लाकडाचा सांगाडा, सरसाने चिकटवलेले सांधे, लढाईच्या मोडीतून मिळवलेलं विलायती इंजिन. गाव हसायचं, मीही हसायचे. पुढे पुढे मला त्या लाकडाचा हेवा वाटायला लागला. त्यावर हात फिरवताना ह्यांचा चेहरा कसा मऊ व्हायचा!

हे सगळं मामंजींसाठी होतं. माझे सासरे जुने पलटणीतले, आता खाटेला खिळलेले. ते एकदाच म्हणाले होते, "गावच्या माळावर तुजं इमान उतारलेलं एकडाव बघू दे, मग माजी काय तक्रार न्हाई." ह्यांनी ते मनावर घेतलं.

पण हद्द ओलांडायची तर विमानाला सरकारी नंबर हवा. आणि नंबर द्यायचा कुणी? विमान संस्थानातलं, बांधणारा खालशातला, इंजिन तिसऱ्याच मुलखातलं. ह्या कचेरीने त्या कचेरीकडे बोट दाखवायचं, त्या कचेरीने परत ह्या कचेरीकडे. दीड वर्ष कागद फिरत राहिले. त्या पावसाळ्यात छपराची एक बाजू गळत होती. डाव्या पंखावर पाणी ठिबकायचं, मी खाली घमेलं ठेवायचे आणि विसरून जायचे. ह्यांना सांगायचं काही मनात आलं नाही. घर तर सगळंच गळत होतं.

अखेर एक पत्र आलं. दसऱ्यानंतर एक अधिकारी येऊन विमान बघणार होता. ह्यांनी पत्र वाचलं, घडी घातली, खिशात ठेवलं. आमच्याकडे कागद बायकांना वाचून दाखवायची पद्धत नव्हती. "सायेब येनार हाय," एवढंच मला कळलं. मग हे साहेबाला दाखवायचा जन्मदाखला आणायला सातारला गेले.

इकडे खंडेनवमी चार-पाच दिवसांवर आली. त्या दिवशी घरातली हत्यारं घासूनपुसून पूजेला मांडायची. करवत घासली, रंधा पुसला आणि छपरात ते विमान उघडंवाघडं, बरगड्या दिसतायत असं उभं. पूजेला असं? आणि साहेबापुढे असं? पाहुण्यापुढे कुणी अर्धं काम ठेवतं का? कापड आणून ठेवलेलं होतं, पंखाला कसं शिवायचं ते ह्यांनीच मला दाखवलं होतं. मी आणि सणाला आलेल्या धाकट्या जावेने चार दिवसांत दोन्ही पंख शिवून काढले. वाकळ शिवताना माझी आई दर टाक्याला उलटी दुहेरी गाठ मारायची, तशीच मी मारली. वर रोगण फासलं. नवमीला हळदकुंकू वाहिलं. काय दिसत होतं ते! मी वाटेकडे डोळे लावून बसले.

हे आले, बघितलं आणि दारातच खाली बसले.

"लय झ्याक शिवलंस," ते म्हणाले. मग शिवणीकडे बघतच, "पर सायबानं सांदं उगडं ठेवाया सांगितलं हुतं गं."

ओरडले असते तर बरं झालं असतं. मीच ओरडले. "आवं, मग सांगायचं न्हाई व्हय मला?"

साहेब आला. पंखावर बोटाने टकटक केलं, शिवण कुणाची म्हणून विचारलं, कौतुकही केलं. पण झाकलेल्या सांध्यांवर सही करणार नाही म्हणाला. कापड उघडा, महिन्याने परत येतो. त्याचं काय चुकलं? काहीच नाही.

ह्यांनी उजव्या पंखावर सांध्यासांध्यापाशी कापड कापलं. सगळे सांधे ठणठणीत. डाव्या पंखाला हात घालणार, तेवढ्यात गावाकडचा माणूस आला. मामंजी आजचा दिवस काढतील असं वाटत नव्हतं.

"डावा बगितला न्हाई अजून," मी म्हणाले.

"एकाच हातानं, एकाच सरसानं केल्यात दोनी. त्येला काय हुतंय?"

तेव्हा ते घमेलं मला आठवायला हवं होतं. नाही आठवलं. उजव्या पंखाला ठिगळं लावायची घाई होती. नंबर रंगवायला ह्यांनी खडूने चौकट आखून ठेवली होती, ती तशीच रिकामी घेऊन विमान छपरामागच्या माळावरून उठलं. मी हात जोडले. कधी नव्हे तो मला अभिमान वाटला.

हद्दीच्या पलीकडे दोन कोसांवर ते उसात पडलं. तिकडे मामंजींची खाट माळावर नेऊन ठेवली होती. संध्याकाळपर्यंत ते आभाळाकडे बघत होते म्हणे.

मी पोचले तेव्हा ह्यांना झाकलं होतं. दोन्हीकडचे पोलीस पंचनामा कुणी करायचा यावर वाद घालत होते. विमानावर नंबर नाही, म्हणजे ते कुठल्या राज्यातलं? एक हवालदार माझ्याकडे वळला.

"बाई, हे तुमच्याच मानसाचं इमान, कशावरनं?"

मी बाजूला पडलेला डावा पंख उलटा केला. फाटलेल्या कापडाच्या कडेला माझी उलटी दुहेरी गाठ होती, मी ती त्याला दाखवली. तिच्याखाली सांधा निखळला होता. सरस पांढरा पडून भुगा झाला होता, बोट लावलं तर हाताला आला.

हवालदाराने लिहून घेतलं. माझी गाठ मात्र सुटली नव्हती.