मोठ्या बाईंचे शनिवार

मोठ्या बाई कुणाकडे पाठ करून कधी बोलल्या नाहीत. फळ्यावर लिहिताना काही सांगायचं आठवलं, तर आधी हात थांबवायच्या, वळायच्या आणि मग बोलायच्या. घरी चहा करतानाही तसंच. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी असले, तर गॅस बारीक करून माझ्याकडे तोंड करायच्या आणि मगच साखरेचं विचारायच्या. मला उत्तम ऐकू येत होतं. पण कर्णबधिर मुलांना ओठ वाचायला शिकवण्यात जन्म गेलेल्या बाईंना तो फरक करणं जमत नसे. "माझं तोंड दिसतंय ना तुला?" हे त्या एक दिवस टेलिफोनवरही विचारतील, असं आम्ही शिक्षिका आपसात म्हणायचो.

तुम्ही नातवंडं व्हिडिओवर दिसलात की मी आधी "उजेडाकडे तोंड करून बस" म्हणते आणि तुम्ही दोघं हसता. ती सवय मोठ्या बाईंची. परवा ईशाने विचारलं, "आजी, माझं मत ठाम असलं की ऑफिसात सगळ्यांना वाटतं, ही कुणाचं ऐकतच नाही. काय करायचं गं?" म्हणून हे लिहिते आहे. शेवटी उत्तर सापडेलच असं मात्र नाही.

इंग्रजी बरं म्हणून मला शाळेच्या कचेरीत पत्रव्यवहारासाठी घेतलं होतं. पुढे बाईंनीच मला वर्गावर पाठवलं. त्या मुख्याध्यापिका होत्या, आणि त्यांचं एक मत दगडासारखं पक्कं होतं. मुलांनी बोलायचं, खुणा करायच्या नाहीत. कुणाचे हात हलले की त्या म्हणत, "हात खाली." मुलं लगेच दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ताठ बसत. आज हे तुम्हाला कठोर वाटेल. तेव्हा बहुतेक जाणकार हेच सांगत, आणि बाईंचं कारणही तयार असे. "पीएमटीच्या कंडक्टरला खुणा कळणार आहेत का? माझ्या मुलांनी स्वारगेटचं तिकीट तोंडाने मागितलं पाहिजे."

आणि याच बाईंनी शनिवारच्या बैठकीचा तो नियम केला होता. अर्धी शाळा सुटली की आम्ही शिक्षक एकत्र बसायचो. ज्या दोघांचा मतभेद असेल, त्यांनी आपली बाजू मांडायची नाही. आधी समोरच्याची मांडायची. समोरचा "हो, माझं म्हणणं हेच" असं म्हणाला, की मगच आपलं बोलायला मोकळीक. बाईंनाही यातून सूट नव्हती. खेळाचे सर एकदा वैतागून म्हणाले, "माझं म्हणणं अजून मलाच नीट कळलेलं नाही, ते यांना काय सांगता येणार?" बाई म्हणाल्या, "मग तुम्ही पुढच्या शनिवारी भांडा."

पुढे येरवड्याहून कांबळे आमच्याकडे शिकवायला आली. तिचा धाकटा भाऊ कर्णबधिर, त्यामुळे खुणांची भाषा तिच्या घरचीच. पहिल्याच बैठकीत ती उभी राहिली. "बाई, तिकीट मागायला शिकलेल्या मुलाला पडलेलं स्वप्न आईला सांगता येत नाही. मला खुणांचा वर्ग हवा आहे."

नियमाप्रमाणे बाईंनी तिची बाजू मांडली. "तुझं म्हणणं असं, की बोलणं मुलांना अवघड जातं, म्हणून सोपी वाट द्यावी."

"नाही बाई. हे माझं म्हणणं नाही."

पुढच्या शनिवारी पुन्हा तेच. मग बाई कांबळेच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसू लागल्या. कांबळे दार लावून मुलांशी हातांनी बोलते हे त्यांनी पाहिलं, आणि "हात खाली" म्हणाल्या नाहीत. एका शनिवारी त्या तिच्याकडे नीट तोंड करून बसल्या. "तुझं म्हणणं असं आहे, की आम्ही मुलांना बोलायला शिकवतो, पण बोलण्यासारखं काही त्यांच्या आत साठूच देत नाही."

कांबळेच्या डोळ्यांत पाणी आलं. "हो. हेच."

बाईंनी तिला आपला रुमाल दिला. मग म्हणाल्या, "मला पटलेलं नाही. पण कळलंय. एक वर्ग घे."

त्या वर्गात मुलं भांडायला लागली, थट्टा करायला लागली, थापासुद्धा मारायला लागली. बाई स्वतःच्या वर्गात अखेरपर्यंत बोलणंच शिकवत राहिल्या. मत बदललं नाही. पण "हात खाली" हे शब्द त्या शाळेत पुन्हा कुणी ऐकले नाहीत.

बाई निवृत्त झाल्या, मागोमाग मीही. कांबळे मुख्याध्यापिका झाली. गेल्या वर्षी संस्थेत नवे चिटणीस आले. कांबळे सांगते, त्यांच्या बैठकीत पडद्यावर चित्रं असतात. "सगळ्यांची मतं मोलाची आहेत," असं म्हणून ते पुढच्या चित्राकडे वळतात. तिथे कुणी भांडत नाही आणि कुणी ऐकतही नाही. त्यांचं म्हणणं, आता शस्त्रक्रियेने कानात ऐकण्याची यंत्रं बसतात, तेव्हा खुणांचा वर्ग बंद करून ती मुलं साध्या शाळांत पाठवावीत. कांबळे म्हणाली, ज्यांना यंत्र वेळेत, अगदी लहानपणी मिळालं नाही, त्यांचं काय? वाद मिटेना, तेव्हा चिटणीसच म्हणाले, "मोठ्या बाईंना विचारू. त्या तर पहिल्यापासून खुणांच्या विरोधात होत्या." कांबळे लगेच कबूल झाली. बाई तिची बाजू तिच्याहून चांगली मांडतील, याची तिला खात्री होती.

चिटणीस, कांबळे आणि तिने सोबत घेतलेली मी, असे आम्ही तिघं सिंहगड रस्त्यावर बाईंच्या भाचीकडे गेलो. बाई तिथे राहतात आणि अधूनमधून विसरतात, एवढं कानावर होतं, पण माझ्या गुडघ्यांमुळे वर्षभर जाणं झालं नव्हतं. त्या खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. आम्ही आलो तरी वळल्या नाहीत.

चिटणीसांनी सगळं नम्रपणे सांगितलं. बाई खिडकीकडे बघतच म्हणाल्या, "बरोबर आहे तुमचं."

"बाई, मी कांबळे," ती म्हणाली. "वर्ग गेला तर त्या मुलांशी बोलायला कुणी उरणार नाही."

"बरोबर आहे तुमचं."

भाची आतून पाणी घेऊन आली. "सगळ्यांनाच तसं म्हणतात हो. परवा भाजीवाला सुकलेली मेथी ताजी म्हणून देत होता, त्यालाही हेच."

मी खाली वाकून म्हटलं, "बाई, कांबळेचं म्हणणं काय आहे, ते तुम्ही सांगा ना. पूर्वी सांगितलं होतंत तसं."

"बरोबर आहे तुमचं," बाई मला म्हणाल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं.

जिन्यात चिटणीस म्हणाले, "बाईंनी तर दोघांचंही मान्य केलं. मग आता निर्णय समितीनेच घ्यायचा." माणूस वाईट नाही. त्यांचा आवाजही उतरला होता.

जूनमध्ये वर्ग बंद झाला. मुलं वेगवेगळ्या शाळांत विखुरली. कांबळे एकाला भेटून आली. तो शेवटच्या बाकावर बसतो, आणि तिथले सर फळ्याकडे तोंड करून शिकवतात.

ईशा, ठाम मत आणि मोकळा कान एकाच माणसात नांदताना मी पाहिले आहेत. पण ते त्या माणसाबरोबर जातात. आम्ही सगळ्यांनी इतके शनिवार पाहिले, आणि तो नियम आमच्यापैकी एकालाही पुढे टिकवता आला नाही.

त्या दिवशी बाईंकडून निघण्याआधी कांबळे खिडकीपाशी गेली. स्वतःच्या तोंडावर उजेड येईल अशी उभी राहिली आणि नव्या मुलाशी बोलावं तशी, सावकाश, हातांनी बाईंचा निरोप घेऊ लागली. बाई तिच्या हातांकडे एकटक बघत राहिल्या. मग त्यांनी आपले दोन्ही हात मांड्यांखाली घातले आणि त्या ताठ बसल्या.