पेत्रोनिलाचं पोट आणि लियोनिसियाचा विलाप

इलोकोस प्रांतातल्या आमच्या नदीकाठच्या गावात माणूस गेलं की पाद्र्याच्या आधी मनांग पेत्रोनिलाला निरोप जातो. मनांग म्हणजे थोरली बहीण; ती आता सगळ्या गावाचीच झाली आहे. मयतापाशी बसून ती दुंगाव म्हणते. म्हणजे मेलेल्याशी बोलत, त्याचे गुण गात, राहिलेली भांडणं मिटवत सुरात रडते. एकदा सुरुवात केली की सूर तुटायचा नाही. तुटला तर मेलेल्याला वाट सापडत नाही, असं आम्ही मानतो.

गेल्या वर्षापासून सूर टिकतो, पोट टिकत नाही.

नदीतले बोटाएवढे मासे उसाच्या शिरक्यात बुडवून कच्चेच खाण्याची आमची जुनी आवड. शिरक्यात मासा शिजतो, याची पेत्रोनिलाला खात्री होती. माशातल्या कृमींना नव्हती. त्यांनी तिच्या आतड्यात बिऱ्हाड केलं आणि हगवणीनं ती पार वाळली. गोळ्यांनी कृमी गेल्या, पण दूध किंवा तेलकट पोटात गेलं की आजही धावावं लागतं.

"कृमी गेल्या ना? मग हे काय?" तिनं डॉक्टरीणबाईंना विचारलं.

"रेडे हाकलले म्हणून तुडवलेला भात लगेच उभा राहतो का, मनांग?"

"माझा तर रोज नव्यानं आडवा होतो."

अशात तिची जन्माची मैत्रीण लियोनिसिया गेली. लियोनिसियाची लेक दिवीना चाचरत म्हणाली, "मावशी, राग मानू नका. पलीकडच्या गावची बाई बोलावू का? मध्येच सूर तुटला तर आईचं कसं होणार?"

"ती बाई तुझ्या आईशी कधी भांडली तरी आहे का? मग रडणार कशाच्या जोरावर? मीच बसणार. कालपासून नुसत्या पेजेवर आहे मी."

पण मयतापुढे ठेवलेलं ताट आमच्याकडे रडणारीनं आधी संपवायचं असतं. नाही म्हणणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. ताटात तळलेलं डुक्कर होतं. पेत्रोनिलानं मैत्रिणीकडे पाहिलं आणि निमूट खाल्लं.

विलाप रंगला. लियोनिसियाचं लग्न झालं, बाळंतपणं झाली, आणि पेत्रोनिलाच्या चोरीला गेलेल्या बदकांपाशी तिचा चेहरा बदलला. ती उठली. सूर मात्र सोडला नाही. रडत रडतच ती माजघरातून परसात गेली, संडासाचं दार लागलं, आणि बांबूच्या भिंतीआडून विलाप पुढे चालू झाला. बायकांनी रुमालात तोंडं लपवली. सगळ्याच काही रडत नव्हत्या.

लियोनिसियाचा नवरा एपिफानिओ उठला आणि मयताला ऐकू जावं म्हणून त्यानं मागची खिडकी सताड उघडली.

"बदकं तूच नेलीस गं लियोनिसिया, मला ठाऊक होतं गं, माफ केलं गं!"

एपिफानिओ खिडकीतून ओरडला, "मनांग, तिनं नाही! मी नेली होती!"

आतून आवाज आला, त्याच सुरात: "चुकून तुझं नाव घेतलं गं बाई, तुझ्या नवऱ्याकडे मी नंतर बघते गं!"

शेवटही तिथूनच झाला. सूर कुठे तुटला नव्हता. पेत्रोनिला पांढरीफटक होऊन परत आली, तेव्हा दिवीनानं तिच्या हातात पेरूच्या पानांचा काढा दिला आणि तिला मिठी मारली.

"मनांग," एपिफानिओ म्हणाला, "माझ्या वेळी शवपेटी मागच्या खोलीतच ठेवायला सांगतो."

"सांगा. आणि ताटात काय वाढायचं, तेही लेकीला आत्ताच सांगून ठेवा."