बिनगळाची काठी

आधीच सांगून टाकते. भूत, आत्मा, लागीर, पाण्यातल्या आसरा... यातलं काहीही मी मानत नाही. तेव्हा मानत नव्हते आणि आज अडुसष्टाव्या वर्षीही मानत नाही. हे वाचून खाली कोणी "ताई, त्या आत्म्याला मुक्ती मिळाली" असं लिहिलं, तर मी उत्तर देईन आणि ते गोड नसेल! सगळी उमर नर्सची नोकरी केली. मरणाऱ्या माणसाचा हात धरून किती वेळा बसले याचा हिशेब नाही. गेलेला माणूस गेलेला असतो. तरी हे लिहायला बसले, कारण माझ्या हातात घडलेली एक गोष्ट मला आजवर उलगडली नाही, आणि उलगडत नाही म्हणून ती लपवायची हे मला पटत नाही.

गडचिरोली वेगळा जिल्हा होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. माझी नेमणूक चामोर्शीपासून आठ-नऊ किलोमीटरवर, वैनगंगेच्या काठच्या एका गावात होती. लग्न व्हायचं होतं. आठवडाभर सायकलवरून लसी आणि बाळंतपणं, आणि रविवारी मासे! गळ टाकून मासे धरायचा मला लहानपणापासून नाद. गावाला याची भारी गंमत वाटायची. तिकडच्या बायकाही मासे धरतात, पण उथळ पाण्यात, टोपलीने, चार जणी मिळून. नर्सबाई एकटीच काठी घेऊन दुपारभर खडकावर बसते म्हणजे काय! एका म्हातारीने तर भर बाजारात विचारलं होतं, "बाई, तुले नवरा धराचा हाय का मासा?" मी म्हटलं, "मासाच बरा माय, बोलत तरी नाई."

हा नाद लावला बाबांनी आणि मल्लय्याकाकांनी. बाबा चांद्याजवळच्या, म्हणजे आताच्या चंद्रपूरजवळच्या, एका कोळसा खाणीत हॉलेज खलाशी होते. म्हणजे खाणीच्या तोंडाशी यंत्रावर उभं राहायचं आणि कोळशाचे डबे उतारावरून लोखंडी दोराने वर ओढायचे, खाली सोडायचे. मल्लय्याकाका खाली, त्या डब्यांसोबत. ते सिरोंच्याकडचे, एका वाक्यात मराठी, हिंदी आणि तेलुगू तिन्ही बोलायचे. आठवडाभर हे दोघं एका दोराच्या दोन टोकांना, आणि रविवारी इरई नदीवर शेजारी शेजारी. मध्ये मी.

जवसाची ढेप, म्हणजे पेंड, भाजून कणकेत कशी मळायची, गळावर गोळी कशी बसवायची की पाण्यात पडेल पण फुटणार नाही, हे मला शाळेतल्या पाढ्यांच्या आधी येत होतं. पाण्यावर उभा राहायला आम्ही मोरपिसाचा देठ बांधायचो. त्या देठाकडे बघत बसण्यात जे सुख आहे ना... ते ज्याला कळलं त्याला दुसरं व्यसन लागत नाही. बारीक मासे टोचा मारतात तेव्हा देठ नुसता थरथरतो. रोहू गोळी उचलतो तेव्हा देठ आडवा होतो. शिंगाडा मासा सरळ घेऊनच पळतो. खाली कोण आहे ते देठ सांगतो, हात नंतर सांगतो. हे नीट लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

मी नर्सिंग शिकत असताना त्या खाणीत पाणी घुसलं. मल्लय्याकाका आतच राहिले. चौकशी झाली, बाबांची काही चूक नाही असं लेखी आलं. पण बाबांनी नोकरी सोडली, मासे सोडले, हळूहळू बोलणंही सोडलं. आई होती तोवर तिने धकवलं. ती गेल्यावर मी त्यांना माझ्याकडे आणलं. दिवसभर खाटेवर, भिंतीकडे तोंड. ताटातला अर्धा भात तसाच. चंद्रपूरला नेऊन सगळं तपासून आणलं, आजार काही नव्हता. पण या माणसाने जगायचं थांबवलंय हे कळायला मला डॉक्टर लागत नव्हता. हा हिवाळा निघेल, पुढचा उन्हाळा बाबा बघणार नाहीत, असं मला दिसत होतं. भीती वाटायची, आणि खरं सांगते, रागही यायचा.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी त्यांच्या खाटेसमोर मुद्दाम बसकण मारली आणि तंगुसाला, म्हणजे काठीच्या नायलॉनच्या दोरीला, गळ बांधायला घेतला. मुद्दामच वेडावाकडा. एक गाठ, दुसरी गाठ, सगळी चुकीची. तिसऱ्या गाठीला बाबा उठून बसले.

"असा बांधत असतात का गळ? मासा हसन ना!"

हातातून हिसकावून घेतला. त्या दिवशी ते माझ्याबरोबर नदीवर आले.

गावाच्या वर वैनगंगेला एक डोह आहे. काठावर पाण्यात शिरलेला काळा खडक, बसायला एकदम मस्त. मी तिथे बसत नसे, कारण तिथपर्यंत जायचा कंटाळा. बाबांनी मात्र पहिल्या नजरेत तोच खडक धरला. तिथे दशरथभाऊ, गावातले म्हातारे ढिवर, जाळं वाळवत होते. त्यांच्या दोन काठ्या खडकाच्या फटीत रोवलेल्या.

"भाऊ, इथी एका काठीनं नाई बसत कोणी," ते बाबांना म्हणाले. "दोन लावा लागते. एक आपली, एक त्याची. त्याच्या काठीले गळ नाई बांधाचा. नुसती गोळी."

"त्याची म्हणजे कोणाची?"

"आता ते मले का मालूम? माह्या बापानं लावली, म्या लावतो."

बाबांनी छप्पन साली चांद्याला धम्माची दीक्षा घेतली होती, ऐन विशीत. घरातले देव स्वतःच्या हाताने नदीत सोडलेला माणूस. ते हसले, कितीतरी दिवसांनी. "मी पाण्यात कोणाले बसवत नाई, भाऊ. मासा असन तर लागन, नाई तर घरी जाऊन आलूची भाजी खाऊ."

एकच काठी लावली. दशरथभाऊ आपलं जाळं उचलून खाली सरकले.

चार-साडेचारची वेळ असेल. लख्ख ऊन, वारा नाही, पाणी इतकं शांत की देठाची सावलीसुद्धा हलत नव्हती. बाबांच्या हातातली काठी एकदम वाकली आणि सरळ झाली. एक हिसका, बस्स. मी देठाकडेच बघत होते... आणि देठ हलला नाही! जागचा तसूभर हलला नाही. तंगूस देठातूनच खाली जातो ना? खालून ओढलं की आधी देठ बुडणार, मग काठीला कळणार. दुसरं काही होऊच शकत नाही. पण झालं.

मी बाबांकडे पाहिलं. चेहऱ्यावर रक्त नव्हतं. त्यांनी तंगूस गुंडाळला आणि घरी निघाले. झालं, मला वाटलं, संपलं सगळं. आता हे पुन्हा भिंतीकडे तोंड करतील.

पुढच्या रविवारी सकाळी सहाला मी उठले, तर बाबा चुलीपुढे ढेप भाजून राहिले होते.

"मासा हाय तो," माझ्याकडे न बघता म्हणाले. "मोठा हाय अन् चालू हाय. त्याले बाहेर काढून त्या दशरथच्या पुढी टाकतो."

आणि मग सुरू झालं युद्ध. तो पहिला धरून लागोपाठ पाच रविवार. दर वेळी तोच खडक, तीच एक काठी, आणि दुपार कलायला लागली की तोच एक हिसका. देठ मात्र ढिम्म. बाबांनी गळ बदलले, खोली बदलली, कणकेऐवजी गांडूळ लावून पाहिलं, बेडूक लावून पाहिला. लांब बांबूने तळ चाचपला. शेवटी दशरथभाऊंनाच डोंगा काढायला लावून डोहात जाळं फिरवलं. खाली नुसती रेती. लाकूड नाही, मुळं नाहीत, खडकाची कपारसुद्धा नाही.

"दुसरी काठी लावून पाह्यना भाऊ एकडाव," दशरथभाऊ म्हणायचे.

"नाई लावत!"

बाबा चिडायचे, शिव्या घालायचे, त्या पाण्याला दम द्यायचे. आणि जेवायचे! रागाच्या भरात दोन-दोन वेळा भात मागायचे. बुधवारपासून रविवारची तयारी. मला काय, मी मनातल्या मनात त्या माशाचे आभार मानत होते. गावात मात्र कुजबुज सुरू झाली. खडकाला शेंदूर लावा, नर्सबाईच्या बापाला बाहेरचं काही लागलंय... मी दवाखान्याच्या ओट्यावर उभी राहून सगळ्यांना सुनावलं, की ज्याला शेंदूर लावायचाय त्याने आधी माझ्याकडून धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायचं. कोणी आलं नाही.

सहाव्या रविवारी नेहमीच्या वेळी हिसका आलाच नाही. ऊन उतरायला लागलं. बाबा विडी पेटवायला खडकामागे गेले, काठी माझ्या हातात देऊन. मी देठाकडे बघत होते. आणि काठी ओढली गेली. एकदा. तेवढाच वेळ गेला, पुन्हा एकदा. पुन्हा तेवढाच वेळ, तिसऱ्यांदा. मोजून मापून, सारख्या अंतराने. कुठलाही मासा असा ओढत नाही. देठ पाण्यावर सरळ उभा.

"बाबा, आज तीन आले!"

बाबा धावत आले. विडी कुठे पडली कोण जाणे. "किती?"

"तीन."

"मोजले तू? नीट मोजले, बाई?"

"मोजले ना. तीनच."

त्यांनी काठी घेतलीच नाही. तंगूस पकडला, खडकाला पाय रोवले आणि हातावर हात टाकत ओढायला लागले. विहिरीतून भरलेली बादली ओढतात तसं. जड होतं, मला दिसत होतं किती जड होतं ते. तंगूस बोटांत रुतत होता, रक्त यायला लागलं. मी मध्ये हात घालायला गेले तर मला ढकललं. आणि सारखं एकच चाललेलं त्यांचं, "ये... ओढलं मी... ये मल्लय्या, ओढलं..."

देठ त्यांच्या हातात येईपर्यंत जड होतं. खालचे सहा हात उरले आणि एकदम हलकं झालं. गळ वर आला. गळावर कणकेची गोळी होती, मी दुपारी बसवली तशीच, अख्खी. एवढीशी बोटाएवढी मासोळी तोंड लावते तरी ती गोळी फुटते.

बाबा खडकावर बसले आणि रडले. आई गेली तेव्हा रडले नव्हते. मी त्यांच्या बोटांना रुमाल बांधत होते तेव्हा त्यांनी मला पहिल्यांदा सांगितलं. खाणीत वर-खाली बोलायला घंटी असायची, खालून तार ओढली की वर वाजायची. एक वाजली की थांब. दोन वाजल्या की सोड. तीन वाजल्या की ओढ.

"त्या दिवशी मी डबे ओढून राह्यलो होतो. एक वाजली. मी थांबवलं. आता तीन वाजल्याबिगर हात नाई लावाचा, असा कायदा. मी कायद्यानं उभा राह्यलो. पाणी आलं, लोकं ओरडून राह्यले, अन् मी यंत्रापाशी उभा... तीनची वाट पाहून राह्यलो. त्याचा हात तारेपर्यंत पोचत नसन, हे मले समजाले पाहिजे होतं ना, बाई?"

मी रुमालाची गाठ मारली आणि तशीच त्यांचा हात धरून बसले.

आता तुमचं म्हणणं मला माहीत आहे, कारण ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. कासव होतं का? मग देठ का हलला नाही? बाबांचा भास होता? पाच वेळा असेल, पण सहाव्यांदा काठी माझ्या हातात होती. ती घंटीची भाषा मी लहानपणी घरात ऐकली असेल आणि विसरले असेन, म्हणून माझ्याच हाताने ते तीन हिसके दिले? हे मला त्यातल्या त्यात पटतं, आणि कित्येक वर्षं मी तेच धरून होते. पण मग तो जडपणा कोणाचा? दोन बोटांवर ड्रेसिंग मी केलं होतं. जखम हाडापर्यंत होती. भासाने बोट कापत नाही. थोडक्यात, माझ्याकडे उत्तर नाही. तुमच्याकडेही नाही, उगीच आव आणू नका. उत्तर नाही म्हणून मी नारळही फोडणार नाही.

बाबांनी त्यानंतर कितीतरी उन्हाळे पाहिले. माझं लग्न पाहिलं, नातवाला गळ बांधायला शिकवलं. त्या घटनेनंतरच्या रविवारीच, बोटांना पट्ट्या असताना, आम्ही पुन्हा त्याच खडकावर गेलो. दशरथभाऊ तिथेच होते. सगळ्या गावाला कळलं होतं, त्यांनाही. त्यांनी आपल्याकडची एक काठी उचलली, तिचा गळ दातांनी तोडून काढला आणि काठी बाबांपुढे धरली.

"आता तरी लाव, भाऊ. हट्ट नोको करू."

बाबांनी ती काठी त्यांच्या हातात हळूच परत दिली आणि आपली एकच काठी फटीत रोवली.

"काऊन लावू?" ते म्हणाले. "आता तिथी कोणी नाई."

दशरथभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने देठ आडवा झाला, अगदी नीट, रोहू आडवा करतो तसा. चांगला दोन किलोचा होता. तिघांनी मिळून खाल्ला.