बिनफॉस्फेटचं शेवाळ

समुद्री शेवाळाच्या त्या प्रयोगशाळेत त्यांना सगळे होणारे साहेब म्हणत. प्रमुख होणारे, म्हणून होणारे. नाव पाठीमागे घेतलं जाई, पण ते त्यांच्या कानावर आलं नसेल असं नाही. आलं असणार, आणि त्यातली टिंगल झटकून उरलेलं त्यांनी खुशाल खिशात घातलं असणार. स्वतःबद्दल वाईट ऐकू येण्याची सोय त्यांच्या कानांत नव्हतीच. प्रमुखबाई आता निवृत्त व्हायच्या होत्या आणि आपल्या जागी कुणाचं नाव सुचवायचं ते त्यांच्याच हातात होतं. होणाऱ्यांनी त्या खुर्चीसाठी पाठीला लावायची उशीसुद्धा आणून कपाटात ठेवली होती.

घोडं अडलं होतं एकाच ठिकाणी. गृहस्थांच्या नावावर स्वतःचा म्हणावा असा शोध नव्हता. जन्मभर दुसऱ्यांनी शोधलेलं शिकवलं, तेही दरवर्षी त्याच विनोदासकट. नव्या शिकाऊ मंडळींना ते सांगत, "समुद्रात फॉस्फेट आज आहे, उद्या नाही. म्हणून मिळतं तेव्हा हे शेवाळ गरजेच्या कितीतरी पट ओढून घेतं. त्याच्या साखळ्या करतं, पेशीत बारीक कणांसारख्या साठवतं, आणि बाहेर खडखडाट झाला की बसतं खात. अगदी आमच्या आत्यासारखं!" मग ते स्वतःच हसत, आणि ते थांबेपर्यंत बाकीच्यांनाही हसावं लागे.

ही आत्या त्यांच्याच घरी, मागच्या खोलीत राहायची. जेवायला बसली की दोन घासांत उठायची. "मला म्हातारीला काय लागतंय? चहा मिळाला तरी दिवस जातो," म्हणायची. उशाखाली बिस्किटांचा डबा होता. तो सापडल्यावर होणाऱ्यांना कोण आनंद! घरी पाहुणे आले की ते त्यांना थेट तिच्या खोलीत न्यायचे. "ही आमची आत्या. हवेवर जगते!" असं म्हणून उशी उचलून दाखवायचे. आत्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसायची. बायको एकदा म्हणाली, "अहो, पुरे करा, जिवाला लागतं त्यांच्या." त्यावर "अगं, गंमत आहे," म्हणून ते मोकळे झाले.

आत्याचं पोट उशीआडूनही ओळखणाऱ्या ह्या माणसाने एके दिवशी माशांच्या टाकीजवळच्या हौदातून शेवाळ उचललं. त्या हौदात माशांची सगळी घाण उतरायची, म्हणजे फॉस्फेटची नुसती चंगळ. तिथे खाऊन टम्म झालेलं शेवाळ त्यांनी फॉस्फेट नसलेल्या पाण्याच्या चंबूत टाकलं आणि झाकण लावलं. शेवाळ वाढलं. त्यातलं थोडं दुसऱ्या तशाच बिनफॉस्फेटच्या पाण्यात टाकलं, तेही वाढलं. आधी त्याला उपाशी ठेवून पोटातला साठा संपवायचा असतो, ही ह्या धंद्यातली बाराखडी. पण बाराखडी लोकांना शिकवायची असते, आपण गिरवायची नसते, असा साहेबांचा समज असावा.

भर बैठकीत उठून त्यांनी जाहीर केलं, "मला फॉस्फेटवाचून वाढणारं शेवाळ सापडलं आहे!"

प्रमुखबाईंनी चष्मा काढून पुसला. "बरं. पुढच्या बैठकीत दाखवा," एवढंच म्हणाल्या. होणाऱ्यांना त्यात कौतुक ऐकू आलं. घरी जाऊन त्यांनी बायकोला सांगितलं की खुर्ची आता झालीच समज.

बैठक तोंडावर आली आणि शेवाळ पिवळट पडलं. चंबू उजेडासमोर धरून ते कितीतरी वेळ उभे राहिले. मूर्ख नव्हते ते. काय झालं ते त्यांना तेव्हाच कळलं. शेवाळाचा डबा रिकामा झाला होता. बाईंच्या खोलीत जाऊन "मॅडम, माझं चुकलं," एवढं म्हटलं असतं की संपलं होतं. जीभ झडली नसती. पण मनात ती खुर्ची होती, कपाटात उशी होती. साहेब गेले आणि फॉस्फेटची बाटली आणून चंबूत रिकामी केली.

भुकेल्या शेवाळाने ओतलेलं सगळं बघता बघता ओढून घेतलं. पाण्यात फॉस्फेट असलं तर तपासणीत निळा रंग येतो. त्यांनी पुन्हा पुन्हा तपासलं, पाणी स्वच्छच राहिलं. बैठकीपर्यंत चंबू हिरवागारही झाला. होणाऱ्यांना त्या शेवाळाबद्दल मायाच दाटून आली.

बैठकीत सर्वांसमोर पाणी तपासलं गेलं. निळं झालं नाही. होणाऱ्यांनी ऐटीत सगळीकडे पाहिलं. बाई उठल्या, चंबूतला एक थेंब त्यांनी काचेवर घेतला, वर साठ्याचे कण दाखवणाऱ्या रंगाचा थेंब सोडला आणि काच सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली. बराच वेळ डोळा लावून बसल्या.

"या, बघा," त्या म्हणाल्या.

होणाऱ्यांनी पाहिलं. एकेक पेशी जांभळट लाल कणांनी ठासून भरली होती.

"इतके दिवस उपाशी आहे म्हणता ना? मग ह्याच्या पोटात एवढा साठा कुठून आला?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "उपासमार झालेल्याला एकदम वाढलं की ते असं अधाशासारखं भरून घेतं. तुम्हीच शिकवता हे."

कुणी हसलं नाही, आणि तेच वाईट झालं. हसले असते तर ते रागावू तरी शकले असते.

मंडळी पांगल्यावर बाई सूक्ष्मदर्शकावर कापड घालता घालता म्हणाल्या, "साठा संपला म्हणून सांगायला आला असतात तर तुमचंच नाव देणार होते मी. चूक काय, माझ्याही झाल्यात. पण आता तुमच्या हाती ही प्रयोगशाळा नाही द्यायची."

घरी बायकोने दारातच विचारलं, "झालं का हो?" तिच्याकडे न बघता ते आत गेले, आणि चालत चालत मागच्या खोलीत पोहोचले. निदान तिथे कुणी काही विचारणार नव्हतं. आत्याने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. मग उशीखाली हात घालून तिने डबा काढला, झाकण उघडलं आणि त्यांच्यापुढे धरला.

"घे. खा," ती म्हणाली. "मी नाही दाखवणार कुणाला."

होणाऱ्यांनी आधी दार लावून घेतलं. मग एक बिस्कीट उचललं.