ग्रॅनाडातला बाक

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये आमचं आणि देशपांड्यांचं दार समोरासमोर. एका घरात सुरू झालेला किस्सा दुसऱ्या घरात संपतो, त्यामुळे किस्से साठतच जातात. पण ईदच्या सुट्टीत दोन्ही घरं मिळून स्पेनमधल्या ग्रॅनाडाला गेलो, त्याचा धक्का अजून ओसरलेला नाही. ग्रॅनाडाचा नव्हे, सतीशभाऊ देशपांड्यांचा.

भाऊ म्हणजे मॉलच्या फूड कोर्टात टेबलावर लॅपटॉपची बॅग ठेवून सहकुटुंब डोसा आणायला जाणारे. दुबईत त्यांचं कधी काही हरवलं नाही. सोमवारी त्यांना नव्या कंपनीत जॉइन व्हायचं होतं. नोकरी मोठ्या मुश्किलीने मिळालेली, त्यामुळे रविवारची फ्लाइट चुकवून चालणार नव्हतं.

पहिल्याच दिवशी भाऊंनी भाड्याची गाडी एका कॅफेसमोर उभी केली आणि हॉर्न दिला. दुबईत कॅफेटेरियासमोर असा हॉर्न दिला की करक म्हणजे कडक दुधाचा चहा थेट गाडीत येतो. इथे कुणी हलेना. त्यांनी पुन्हा दिला, जरा लांब. वरच्या खिडकीतून एक आजीबाई ओरडल्या आणि पाठोपाठ पोलीस आला.

"ह्या पोलिसालाच सांगू का, चहात साखर कमी?" मीनल म्हणाली. मीनल म्हणजे भाऊंची बायको.

दुपारी पाणी घ्यायला गेलो तर अख्ख्या गल्लीत कुलपं! आमचा ग्रोसरीवाला कोथिंबिरीच्या एका जुडीसाठी वर येतो, आणि इथे भरदुपारी सगळे झोपलेले. मी हबकलेच. आमचे हे मूळचे पुण्याचे, त्यांचा मात्र ऊर भरून आला. "शेवटी माणसांत आलो," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात गाइडबाई भिंतीवरची अरबी नक्षी दाखवत होत्या. देशपांड्यांची सहावीतली अन्वी ती सरळ वाचायलाच लागली. बाईंचं वाक्य अर्ध्यावर राहिलं. दुबईच्या शाळेत अरबी सक्तीचं असतं, हे त्यांना काय माहीत!

"दे रोट द सेम लाइन एव्हरीव्हेअर," अन्वी म्हणाली. "हू गॉट पनिश्ड?"

राजवाड्याच्या दारात पासपोर्ट बघतात, म्हणून सगळ्यांचे पासपोर्ट भाऊंच्या निळ्या बॅगेत होते. बाहेर आलो तर उन्हाचा तडाखा, आणि बागेत सावलीतला एकच बाक रिकामा. आधी बुरुजावर फोटो काढू, मग निवांत बसू, असं ठरलं.

फोटो चालू असतानाच शिट्ट्या वाजल्या. रक्षकांनी सगळ्यांना बाहेर काढलं. पोलीस आले, कुत्रा आला. कुणीतरी बेवारस बॅग सोडून गेलं होतं. भाऊ भयंकर चिडले. लोकांना जबाबदारी म्हणून नाही, हे त्यांनी शेजारच्या जर्मन जोडप्यालाही ऐकवलं.

मीनल भाऊंच्या खांद्याकडे बघत होती.

"अहो, आपली बॅग कुठंय?"

भाऊंचा हात खांद्याकडे गेला आणि तिथेच राहिला. फ्लाइट, सोमवार, नोकरी, सगळं त्या बॅगेत होतं.

कुत्र्याने बॅग हुंगली, पोलिसाने उघडली. आधी दशम्यांचा डबा निघाला, मग पासपोर्ट. फोटो बघून त्याने भाऊंना बरोबर हुडकलं. एवढ्या गर्दीत बॅग बाकावर एकटी सोडून का गेलात, असं त्याने गाइडबाईंकरवी दरडावून विचारलं.

भाऊंनी खरं ते सांगितलं.

"जागा धरायला."